मानशीवरच्या बोर्डाचा वीजपुरवठा: डिव्हाइस ट्रीमधील व्होल्टेज बदलूनही काहीच का बदलत नाही?

मानसकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यात दिवाडी बेटावर आमची थोडी खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) आहे. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या झडपेची, लाकडी दारे भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. मात्र दार कुजले किंवा फटीत एखादी काठी अडकली, तर खारे पाणी कोरगुट भाताच्या शेतात शिरते आणि घरच्यांना ते कळेपर्यंत पीक हातचे गेलेले असते. म्हणून मी मे महिन्यात बांधाच्या आतल्या अंगाला पाण्याची पातळी आणि क्षारता मोजणारी एक पेटी बसवली.

पेटीत ऑरेंज पाय पीसी हा छोटा संगणक-बोर्ड आहे (ऑलविनर एच-३ प्रोसेसर, चार कोअर). १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि सौर पॅनेल बांधाखालच्या खोपीत आहेत. तिथेच बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट केले आहेत आणि तीन मीटर वायरने ते खांबावरच्या पेटीपर्यंत नेले आहेत. बोर्डाला एक यूएसबी कॅमेरा आणि एक ४जी डोंगल जोडलेला आहे. दर पंधरा मिनिटांनी दाराचे छायाचित्र घेऊन, ते लहान करून पाठवायचे असल्यामुळे मी डिव्हाइस ट्रीला, म्हणजे लिनक्स कर्नलला बोर्डाची रचना सांगणाऱ्या फाइलीला, एका ओव्हरलेने (पुरवणीने) प्रोसेसरच्या वेगाची १२०० मेगाहर्ट्झची पायरी १.३ व्होल्टवर जोडून घेतली होती.

तक्रार अशी की दिवसातून दोनतीन वेळा डोंगल नाहीसा होतो, आणि कधी एखादा साधा प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन मरतो. तोच प्रोग्रॅम घरच्या संगणकावर महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतो. कर्नलच्या लॉगमध्ये आठवड्याला एखादा ‘ऊप्स’ही (कर्नलच्या स्वतःच्या चुकीची नोंद) सापडतो. व्होल्टेज कमी पडत असावे असे गृहीत धरून मी डिव्हाइस ट्रीमधील सीपीयूच्या नियामकाचा, म्हणजे रेग्युलेटरचा, ‘मॅक्स-मायक्रोव्होल्ट’ १३,००,००० वरून १४,००,००० केला. काडीचाही फरक पडला नाही. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती दाखवतो त्या फाइलींत) पाहिले तर आकडा १३,००,००० हाच दिसतो. मी सॉफ्टवेअरचा माणूस असल्याने विजेच्या बाबतीत माझे अज्ञान गृहीत धरूनच उत्तर द्यावे, ही विनंती.

कुळागरी

‘व्होल्टेज कमी पडते’ म्हणजे नेमके कोणते, हे आधी ठरवू या. आपल्या बोर्डावर निदान तीन वेगळे पुरवठे आहेत: बाहेरून येणारे ५ व्होल्ट, त्यातून तयार होणारे ३.३ व्होल्ट वगैरे, आणि सीपीयूच्या गाभ्याला मिळणारे सव्वा व्होल्टच्या आसपासचे. डोंगल नाहीसा होणे हे बहुधा पहिल्याचे लक्षण आहे आणि प्रोग्रॅम मरणे हे तिसऱ्याचे असू शकते. दोन दुखणी एकाच वेळी आली म्हणून ती एकच असतील असे नाही.

५ व्होल्टपासून सुरुवात करा, कारण ते मोजायला सोपे आहेत. बोर्डावरच्या ४० पिनांच्या पट्टीतील २ क्रमांकाची पिन ५ व्होल्टची आहे आणि ६ क्रमांकाची जमिनीची (ग्राउंड). मोजमाप तिथेच घ्या, कन्व्हर्टरच्या तोंडाशी नव्हे. आणि बोर्ड नुसता बसलेला असताना एकदा व डोंगल माहिती पाठवत असताना एकदा, असे दोनदा घ्या. वायर किती जाडीची आहे तेही कळवा.

मानसकाठ

काल संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोट घेऊन जाऊन आलो. वायरच्या आवरणावर २४ गेज असे छापले आहे. कन्व्हर्टरवर अँपिअर दाखवणारा छोटा पडदा आहे, त्यामुळे प्रवाहही टिपता आला.

कन्व्हर्टरच्या तोंडाशी ५.०२ व्होल्ट होते. बोर्डाच्या पिनांवर, नुसता बसलेला असताना (सुमारे ०.४५ अँपिअर) ४.७४, आणि छायाचित्र पाठवताना (सुमारे १.२ अँपिअर) ४.२९ व्होल्ट. मला वाटले मीटरच बिघडले, म्हणून पुन्हा मोजले, तेवढेच आले.

कुळागरी

मीटर अगदी बरोबर आहे. २४ गेजच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.०८४ ओहम रोध असतो. आपली वायर तीन मीटर जाते आणि तीन मीटर परत येते, म्हणजे हिशेब सहा मीटरचा: सुमारे अर्धा ओहम. त्यातून १.२ अँपिअर गेले की ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. परतीची वायर हिशेबात धरायचे बहुतेक जण विसरतात, मीही एके काळी विसरत असे.

आता या बोर्डावर डोंगलला मिळणारे ५ व्होल्ट हे बाहेरून आलेलेच असतात. सीपीयूला स्वतःचा नियामक असल्यामुळे ४.३ व्होल्टवरही तो आपले काम रेटून नेतो, पण यूएसबीच्या नियमाप्रमाणे जास्त प्रवाहाच्या पोर्टवर निदान ४.७५ व्होल्ट मिळायला हवेत आणि कमी प्रवाहाच्या पोर्टवर ४.४०. आपण त्या खालच्या रेषेच्याही खाली आहात. मग बोर्ड जिवंत राहून डोंगलच मान टाकतो यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात बसत नाही. ५.०२ मधून ०.६ वजा केले की ४.४२ उरायला हवेत. आपल्याकडे त्याहून ०.१३ व्होल्ट कमी आहेत. हे कुठल्या तरी जोडावर जात असणार, तेवढे शोधा.

नवशिका_फोंडा

कन्व्हर्टरवरचा स्क्रू फिरवून ५.०२ चे ५.६ केले तर बोर्डावर बरोबर ५ व्होल्ट येतील ना? मी घरी असेच केले आहे आणि माझा बोर्ड व्यवस्थित चालतो.

तारमास्तर

असे करू नये, आणि आपल्या घरीही ते लवकर पूर्ववत करावे. वायरीत पडणारी घट ही प्रवाहावर अवलंबून असते. डोंगल गप्प बसला, प्रवाह ०.४५ अँपिअरवर आला, की तेच ५.६ व्होल्ट बोर्डावर ५.३ च्या वर पोहोचतात. यूएसबी २.० मध्ये ५.२५ ही कमाल मर्यादा आहे. बोर्ड बंद होऊन प्रवाह जवळजवळ शून्यावर आला, तर पूर्ण ५.६ व्होल्ट डोंगलच्या माथी बसतात. चाळीस वर्षे तारा ओढण्यात घालवल्यावर सांगतो, गळती असलेल्या नळाला टाकी उंच करणे हा उपाय नसतो.

मानसकाठ, आपण कन्व्हर्टरच उचलून पेटीत बोर्डाशेजारी बसवा आणि त्या तीन मीटर वायरीतून १२ व्होल्ट न्या. सहा वॅटची गरज असेल आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर १२ व्होल्टच्या बाजूला जेमतेम ०.५७ अँपिअर वाहतील. जुन्याच वायरीत तेव्हा साधारण ०.३ व्होल्ट पडतील, आणि १२ मधले ०.३ गेल्याने कन्व्हर्टरच्या दारात कोणाचे काही अडत नाही. जाड वायर आणण्यासाठी म्हापशाला फेरी मारण्याचीही गरज नाही.

मानसकाठ

तारमास्तर काका, आपण सांगितल्याप्रमाणे केले. आता छायाचित्र पाठवतानाही पिनांवर ४.९६ व्होल्ट मिळतात आणि गेले पाच दिवस डोंगल एकदाही गेलेला नाही. आपला आणि कुळागरींचा मनापासून आभारी आहे.

प्रोग्रॅम मरणे मात्र थांबलेले नाही. काल सकाळीच छायाचित्र लहान करणारा प्रोग्रॅम दोनदा कोसळला. सिसएफएसमधील आकडा अजूनही १३,००,००० असाच आहे, म्हणजे गाभ्याला १.३ व्होल्ट मिळत आहेत. मग आता मेमरी खराब समजायची का?

सोल्डरवाली

मेमरीवर एवढ्यात आळ घेऊ नका. आपल्या वाक्यातील ‘म्हणजे’ हा शब्द तपासून पाहायला हवा.

सिसएफएसमध्ये दिसणारा आकडा कर्नल कोणत्याही मीटरने मोजत नाही. लिनक्सची रेग्युलेटर चौकट २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आली. तेव्हापासून तिचे काम असे चालते: नियामकाचा ड्रायव्हर चिपच्या रजिस्टरमध्ये (छोट्या स्मृतिकप्प्यात) एक आकडा लिहितो किंवा एखादी पिन वर-खाली करतो, आणि कोणी विचारले की ‘मी इतके मागितले आहे’ असे सांगतो. चिपमध्ये मोजमाप करणारा वेगळा भाग असेल आणि त्याचा स्वतंत्र ड्रायव्हर असेल, तरच खरा आकडा मिळतो. एरवी पडद्यावर जे दिसते तो दिलेला हुकूम असतो. हुकूम कोणी पाळला का, हे त्यातून कळत नाही. हुकूम भलत्याच्याच नावे निघाला असला, तरी पडद्यावर तो तितकाच रुबाबात दिसतो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल’ ही फाइल वाचून त्यात जे लिहिले आहे ते इथे जसेच्या तसे द्यावे. दुसरी, ‘/सिस/कर्नल/डीबग/रेग्युलेटर’ या डिरेक्टरीतील ‘रेग्युलेटर_समरी’ पाहून सीपीयू कोणत्या नियामकाला आपला पुरवठादार समजतो ते सांगावे. तिसरी, चारही कोअरवर स्ट्रेस-एनजी (पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) चालवून गाभ्याचे व्होल्टेज प्रत्यक्ष मीटरने मोजावे. पीसी बोर्डावर सीपीयूसाठी एसवाय-८१०६-ए हा नियामक आहे. त्याच्या शेजारी जे चौकोनी इंडक्टर आहे, त्याच्या नियामकापासून दूरच्या टोकावर लाल काडी आणि जमिनीवर काळी काडी ठेवा. काडी घसरू देऊ नका. घसरलेल्या काडीने शेजारचे ५ व्होल्ट गाभ्याला भिडवून मी एक बोर्ड कायमचा गमावलेला आहे. काडीच्या टोकाला वायरीचे आवरण चढवून केवळ अणकुचीदार भाग उघडा ठेवणे बरे.

जाता जाता एक शंका. बोर्डावरचे तिन्ही यूएसबी पोर्ट चालतात का?

मानसकाठ

सोल्डरवाली ताई, शेवटचा प्रश्न वाचून मी चाट पडलो. तीनपैकी एकच पोर्ट चालतो. बाकीचे दोन पहिल्या दिवसापासून मेलेले आहेत असे समजून मी कॅमेरा आणि डोंगलसाठी एक छोटा हब लावला होता. हे मी धाग्यात लिहिलेच नव्हते, मग आपल्याला कसे कळले?

मॉडेलच्या फाइलीत ‘झुनलाँग ऑरेंज पाय वन’ असे आहे. माझा बोर्ड तर पीसी आहे. ते नाव त्याच्यावर छापलेलेच आहे. समरीमध्ये सीपीयूच्या वरती ‘व्हीडीडी-सीपीयूएक्स’ आहे आणि त्यापुढे १३००. मीटरवर मात्र, चारही कोअर पूर्ण भाराखाली असताना, १.१९ व्होल्ट. घड्याळ तेव्हा १२०० मेगाहर्ट्झवर होते.

सोल्डरवाली

मग कोडे सुटले. आपण कार्डावर ऑरेंज पाय वन या दुसऱ्याच बोर्डाची प्रतिमा (इमेज) लिहिली आहे. दोन्ही बोर्डांवर एच-३ आहे, बूटचे कार्ड एकाच ठिकाणी आहे, त्यामुळे वनची प्रतिमा पीसीवर निमूटपणे सुरू होते आणि हाच यातला खरा धोका आहे. वनला यूएसबीचा एकच होस्ट पोर्ट आहे, म्हणून त्याच्या डिव्हाइस ट्रीमध्ये एकच चालू केलेला असतो. आपले दोन पोर्ट मेलेले नव्हते, त्यांना कोणी उठवलेच नव्हते.

आता व्होल्टेजकडे येऊ. वनवर सीपीयूचा नियामक साधा आहे: एच-३ ची एक पिन खाली असली की १.१ व्होल्ट, वर असली की १.३ व्होल्ट. मधली पायरीच नाही. आपल्या ओव्हरलेने १२०० मेगाहर्ट्झसाठी १.३ मागितले, कर्नलने इमानदारीने ती पिन वर केली आणि १३,००,००० अशी नोंद केली. पीसीवर त्या पिनेला सीपीयूचा नियामक जोडलेलाच नाही. तिथला एसवाय-८१०६-ए आय-टू-सी वरून (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरून) बोलतो, त्याच्याशी कोणी बोललेच नाही, म्हणून तो रोधकांनी ठरवलेल्या आपल्या मूळच्या १.२ व्होल्टवर बसून राहिला. १००८ मेगाहर्ट्झला एच-३ च्या तक्त्यात १.२ व्होल्टच लिहिलेले आहेत, त्यामुळे तिथवर सारे ठीक चालले असते. १२०० वर मात्र गाभा उपाशी राहिला, आणि उपाशी गाभा पटकन बंद पडत नाही, तो चुकीची बेरीज करतो. प्रोग्रॅम कोसळतात ते यामुळे.

‘मॅक्स’ चौदा लाख करूनही काही का झाले नाही, याचे उत्तरही यातच आहे. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ ही कुंपणे आहेत. कुंपण लांब सारले म्हणून गाय आपणहून त्या टोकाला जाऊन उभी राहत नाही. सीपीयूसाठी किती व्होल्ट मागायचे ते वेगाच्या तक्त्यातील, म्हणजे ओपीपी टेबलमधील, ‘ओपीपी-मायक्रोव्होल्ट’ सांगतो. (मिन आणि मॅक्स सारखेच लिहिले, तर मात्र कर्नल नोंदणीच्या वेळीच तो आकडा लागू करतो. तसेच चिपचा चालू आकडा कुंपणाबाहेर असला तर तो आत ओढून घेतो.) शिवाय वनच्या त्या नियामकाला १.३ च्या वरची पायरीच नसल्याने कुंपण कितीही सारले तरी उपयोग नव्हता. तसा उपयोग झाला नाही हे आपले भाग्यच समजा. बंद पेटीत, एप्रिल-मेच्या उन्हात १.४ व्होल्टवर एच-३ किती तापला असता, याची कल्पना करवत नाही.

पीसीची डीटीबी फाइल (डिव्हाइस ट्रीचे तयार रूप) लावा, ओव्हरले काढून टाका, आणि आय-टू-सी-डिटेक्ट चालवून हेक्स ६५ या पत्त्यावर ‘यूयू’ दिसते का ते पाहा. ‘यूयू’ म्हणजे त्या पत्त्यावर ड्रायव्हरने हक्क सांगितला आहे. आतापर्यंत ती बस आपल्याकडे दिसतही नसेल.

बीगलवाला

याच गोष्टीचा दुसरा अवतार मी बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर भोगला आहे, म्हणून लिहितो. तिथे टीपीएस-६५२१७ ही पीएमआयसी, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणारी चिप, आय-टू-सी च्या हेक्स २४ या पत्त्यावर असते. यू-बूटच्या, म्हणजे कर्नलला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीवरून मी तिच्या रजिस्टरमध्ये हाताने आकडा लिहिला, कोणतीही चूक दाखवली गेली नाही, आणि मीटर मात्र ढिम्म हलले नाही. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर डेटाशीट नीट वाचली. व्होल्टेजची रजिस्टरे तिथे कुलूपबंद असतात: आधी पासवर्डच्या रजिस्टरमध्ये, ज्या रजिस्टरमध्ये लिहायचे आहे त्याचा पत्ता आणि हेक्स ७डी यांचा एक्स-ऑर करून लिहावा लागतो. त्यावरही, नवा आकडा लागू व्हावा म्हणून आणखी एका रजिस्टरमधील ‘गो’ हा बिट उचलावा लागतो. कर्नलचा ड्रायव्हर हे सारे स्वतः करतो, पण आपण हाताने उद्योग करायला गेलो की फसतो.

आणि मंडळी, कर्नल चालू असताना आय-टू-सी-सेट ला ‘फोर्स’ देऊन पुरवठ्याच्या चिपशी खेळू नका. कर्नलच्या मनात एक आकडा राहतो, चिपमध्ये दुसराच, आणि पुढच्या वेग बदलाला काय होईल याचा भरवसा राहत नाही.

नवशिका_फोंडा

माझ्याकडे वेगळ्याच बोर्डावर एक विचित्र प्रकार घडतो. बोर्ड सुरू झाला की वाय-फाय व्यवस्थित जोडले जाते आणि बरोबर अर्ध्या मिनिटाने जाते. वीजपुरवठा मी स्क्रू फिरवून पुन्हा ५.१ वर आणला आहे, म्हणजे तो दोष नसावा.

सोल्डरवाली

अर्धे मिनिट हाच आपला सुगावा आहे. कर्नल सुरू झाल्यावर साधारण ३० सेकंदांनी कोणीही मालक नसलेले नियामक बंद करत सुटतो. लॉगमध्ये त्या नियामकाच्या नावापुढे ‘डिसेबलिंग’ अशी ओळ सापडेल. आपल्या डिव्हाइस ट्रीमध्ये वाय-फायच्या नोंदीने आपला पुरवठादार कोण हे सांगितलेले नसणार. त्या नोंदीत पुरवठ्याचा दुवा नीट लिहिणे हा योग्य उपाय; ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ लावणे हा झटपट उपाय, बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डाला तो महाग पडतो. याउलट लॉगमध्ये ‘यूझिंग डमी रेग्युलेटर’ असे दिसले, तर त्याचा अर्थ पुरवठादार सापडला नाही म्हणून कर्नलने एक नावापुरता उभा केला आहे. पुष्कळदा ती ओळ निरुपद्रवी असते.

आकडे लिहिताना शून्ये मोजा. मायक्रोव्होल्टमध्ये ३.३ व्होल्ट म्हणजे ३३ लाख. आपल्याला लाखांत वाचायची सवय आहे, तिचा इथे फायदा घ्या. ३,३०,००० लिहून एका विद्यार्थ्याने पूर्ण दिवस घालवलेला मी पाहिला आहे.

मानसकाठ

आधी चांगली बातमी देतो. पीसीची डीटीबी लावली, तिन्ही पोर्ट जिवंत झाले, हब काढला. हेक्स ६५ वर ‘यूयू’ दिसते. मीटरवर ४८० मेगाहर्ट्झला १.०४ आणि १००८ ला १.२० व्होल्ट येतात, म्हणजे हुकूम आणि मीटर पहिल्यांदाच एकमेकांशी जुळले. एकही प्रोग्रॅम आठ दिवसांत कोसळलेला नाही.

आता वाईट बातमी. दुरून रीबूट केले की बोर्ड परत येत नाही, आणि हे पूर्वी कधीच होत नव्हते. परवा असा अडकला, तेव्हा पाऊस कोसळत होता आणि शेवटची फेरीबोट गाठून मला जावे लागले. वीज काढून पुन्हा लावली की लगेच सुरू होतो. दहापैकी सातआठ वेळा अडकतो, दोनतीन वेळा येतोही. सिरिअल कन्सोल लावून (१,१५,२०० बॉडवर) पाहिले तर अडकतो तेव्हा पुढे काहीच उमटत नाही. दुरुस्तीने नवे दुखणे दिले असे झाले आहे.

कुळागरी

एसडी कार्ड १.८ व्होल्टच्या वेगवान अवस्थेत राहून जाते आणि रीबूटनंतर बूट रॉम त्याच्याशी ३.३ वर बोलू पाहतो, असा एक प्रसिद्ध दोष आहे. तो असेल का?

सोल्डरवाली

लक्षण हुबेहूब तसेच आहे, म्हणून शंका रास्त आहे. पण यांचे रीबूट डीटीबी बदलल्यापासून बिघडले, त्यामुळे मी दुसरीकडे बोट दाखवेन. मानसकाठ, आपण डीटीबी बदलली, पण कार्डाच्या सुरुवातीला ८ किलोबाइटवर बसलेला यू-बूट बदलला का? माझा अंदाज आहे की तो अजून वनचाच आहे.

तसे असेल तर क्रम असा होतो. बोर्ड निवांत असताना कर्नल वेग ४८० वर आणि व्होल्टेज १.०४ वर उतरवतो. रीबूटचा आदेश मिळतो. एच-३ नव्याने सुरू होतो, पण एसवाय-८१०६-ए ची वीज गेलेलीच नसते, त्यामुळे त्याला शेवटचा हुकूम आठवत असतो आणि तो १.०४ वरच राहतो. यू-बूटचा पहिला तुकडा, ज्याला एसपीएल म्हणतात, तो घड्याळ थेट १००८ मेगाहर्ट्झवर नेतो. पीसीच्या यू-बूटमध्ये त्याआधी नियामकाला १.२ व्होल्टचा हुकूम देण्याची पायरी आहे. वनच्या यू-बूटला असा नियामक असतो हेच ठाऊक नाही. परिणामी १.०४ व्होल्टवर १००८ मेगाहर्ट्झ, आणि गाभा तिथेच कोलमडतो. पूर्वी हे होत नव्हते कारण पूर्वी नियामकाला कोणी १.०४ वर नेतच नव्हते. जी दोनतीन वेळा रीबूट जमते, ती बहुधा आदेशाच्या क्षणी बोर्ड कामात असतो आणि व्होल्टेज वर असते तेव्हा.

हे बसल्या जागी ताडून पाहता येईल. रीबूटपूर्वी गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारे धोरण) ‘परफॉर्मन्स’ करा, म्हणजे व्होल्टेज १.२ वर राहील. दहा वेळा करून पाहा. मग ‘पॉवरसेव्ह’ करून दहा वेळा. पहिल्या दहांत सगळी आली आणि दुसऱ्या दहांत सगळी अडकली, तर वाद उरत नाही.

एक सावधगिरी. वीज काढून खरोखरीचा थंड बूट करायचा असेल, तर सिरिअलची वायरही काढा. तिच्या ३.३ व्होल्टच्या रेषेतून बोर्डात थोडी वीज झिरपत राहते, आणि मग आपण ज्याला थंड म्हणतो तो बोर्ड कोमटच असतो.

तारमास्तर

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या काळी रिलेचे असेच होते. मागच्या पाळीचा माणूस खटका कुठे ठेवून गेला ते नव्या पाळीच्या माणसाने आधी पाहायचे, मगच यंत्राला हात लावायचा.

मानसकाठ

बोर्ड घरी आणून चाचणी घेतली. ‘परफॉर्मन्स’वर दहापैकी दहा वेळा परत आला. ‘पॉवरसेव्ह’वर दहाही वेळा अडकला. यू-बूट खरोखरच वनचा होता. पीसीच्या डिफकॉन्फिगने (बोर्डाच्या ठरीव जुळणीने) नवा बांधून ८ किलोबाइटच्या जागी लिहिला. त्यानंतर ‘पॉवरसेव्ह’वर ओळीने तीस रीबूट केली आणि तीसही यशस्वी झाली. १२०० मेगाहर्ट्झचा ओव्हरले मी परत लावलेला नाही. छायाचित्र लहान व्हायला दोनएक सेकंद जास्त लागतात, आणि भरतीला तेवढी घाई नसते.

बीगलवाला

नव्या यू-बूटच्या जुळणीत नियामकाशी बोलणे फसले तर काय होते, हे आपण पाहिले का?

मानसकाठ

होय, कुतूहल म्हणून टेबलावर एका रिकाम्या कार्डासाठी नियामकाचा पत्ता मुद्दाम चुकीचा घालून यू-बूट बांधला होता. तेव्हा कन्सोलवर ‘गाभ्याचे व्होल्टेज लावता आले नाही, सीपीयूचा वेग बदलता येत नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि बोर्ड संथ गतीने का होईना, पुढे सुरू झाला. वनच्या यू-बूटमध्ये ही विचारपूस नव्हती.

कुळागरी, आपला तो न जुळणारा ०.१३ व्होल्टही सापडला. जुनी वायर काढून घरी आणली होती, ती काल सोलून पाहिली. खांबाकडच्या टोकाला स्क्रूखाली हिरवा थर होता तो मी आधीच पुसला होता, पण आवरणाच्या आत तांबे टोकापासून जवळजवळ वीतभर काळे पडले आहे. खारी हवा एका मे-जूनमध्ये एवढ्या आत शिरली. नव्या वायरीची टोके मी आता कल्हई करून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवूनच पेटीत घेतली आहेत.